तालीम शरीराचीही हवी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



 मी काही विद्वान नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील शाळांतून तीस वर्षांहून अधिक काळ मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून काम केले. या विषयाला शाळेत काय किंमत असते हे आपणांस ठाऊक आहेच. गणिताचा पाठ मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. अशा मेळाव्यांतही बहुधा परीक्षा, टक्केवारी आणि नोकऱ्या यांवर भाषणे होतात. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने मला सांगितले, ‘सर, साध्या माणसाने रोजच्या धबडग्यात प्रकृती कशी राखावी, यावर बोला.’ हा विषय मला मनापासून आवडला. त्याचे एक कारण माझ्या व्यवसायातले आहे आणि दुसरे माझ्या घरातले. दुसरे कारण मी शेवटी सांगेन.

सुरुवात एका शब्दापासून करतो. आपली संस्था तालीम देणारी संस्था आहे. ज्यांच्या घरी उर्दू बोलली जाते त्यांच्या लेखी तालीम म्हणजे शिक्षण. पण जुन्नरच्या किंवा मंचरच्या पेठेत उभे राहून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘तालीम कुठे आहे?’ असे विचारा. तो शाळेकडे बोट दाखविणार नाही, आखाड्याकडे दाखवील. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने तो घेतला आणि लाल मातीच्या आखाड्याला दिला. तालमीत शिकविणारा तो वस्ताद, म्हणजे आपला उस्ताद. जोर-बैठकांतला ‘जोर’ फारसी आहे. ‘कुस्ती’ आणि ‘पहिलवान’ हे शब्दही फारसीतलेच. ‘कसरत’ हा शब्द अरबी. विपुलता, एखादी गोष्ट पुष्कळ वेळा होणे, हा त्याचा मूळ अर्थ. आणि खरोखर, व्यायाम म्हणजे दुसरे काय? थोडे करायचे, पण पुन्हा पुन्हा करायचे.

आपल्या मुलखात हिंदू आणि मुसलमान पोरांनी एकाच आखाड्यातली माती अंगाला लावली, याची साक्ष ही भाषा देते. मराठी माणसाने तालीम या शब्दात शरीर पाहिले, आपण त्यात पुस्तक पाहिले. दोन्ही अर्थ खरे आहेत. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपण अर्धाच शब्द जवळ ठेवला, एवढेच माझे म्हणणे आहे.

मित्रहो, आपल्या वाडवडिलांना प्रकृती राखण्यासाठी कोणी भाषणे दिली नाहीत. मी बागवान घरातला. माझे आजोबा पहाटे डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन नारायणगावच्या बाजाराला पायी निघत. जुन्नरपासून नारायणगाव सुमारे पंधरा किलोमीटर. बाजार करून ते तसेच पायी परत येत. आमच्या मोहल्ल्यात पिंजारी दिवसभर पिंजण चालवीत. जुन्नरचे कागदी तर एके काळी प्रसिद्ध होते. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरातही वापरला जात असे. तो कागद कसा होई? जुने ताग-गोणपाट भिजवायचे, पायाने दाबून चालणाऱ्या जड मोगरीखाली ते कुटायचे, नदीच्या पाण्यात धुवायचे, हौदात वाकून चाळणीवर लगदा उचलायचा आणि वाळलेला कागद गुळगुळीत दगडाने घासायचा. एका कागदामागे पाय, कंबर, खांदे आणि मनगट, सगळ्यांचे काम असे. तो धंदा आता इतिहासजमा झाला आहे.

पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला, आहुप्याकडे आणि घाटघरकडे, आदिवासी बांधव आजही हिरडा गोळा करतात आणि पावसात कमरेत वाकून भाताची आवणी करतात. त्यांच्यातल्या साठीच्या माणसाबरोबर नाणेघाट चढून पाहा. आपला दम लागतो आणि तो मागे वळून आपली वाट पाहत उभा असतो.

आणि माझी दादी! ती पहाटे जात्यावर बसे, मग आडाचे पाणी शेंदी, मग डोक्यावर कपड्यांचे गाठोडे घेऊन कुकडीवर जाई. तिला व्यायाम हा शब्दसुद्धा ठाऊक नव्हता.

हे ऐकून ‘गेले ते दिवस’ असा उसासा कोणी टाकू नये. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी येथे उभा नाही. कष्टाने शरीर जसे घडते तसे ते मोडतेही. माझ्या आजोबांची मान पाटीच्या ओझ्याने शेवटी वळेनाशी झाली होती. माझ्या दादीने सात बाळंतपणे आणि जाते एकाच वेळी सांभाळले. पोटाला पुरेसे नव्हते, अंगात रक्त नव्हते. ती पन्नाशीच्या आत गेली. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. दवाखाने आले, लसी आल्या, नळ आले, पिठाची गिरणी आली. हे सर्व उत्तमच झाले. यंत्राने आपल्या आईच्या हातातले जाते काढून घेतले, यात दुःख मानण्यासारखे काहीच नाही.

पण यंत्राने काम काढून घेतले तेव्हा शरीराला त्याच्या बदली आपण काय दिले? हा खरा प्रश्न आहे.

आज आपल्या दोन्ही तालुक्यांत काय दिसते? डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज या धरणांचे पाणी आले. ऊस, द्राक्षे, टोमॅटो पिकू लागले. हातात पैसा आला. पैशाबरोबर दारात मोटारसायकल आली. शेतात ट्रॅक्टर आला, स्वयंपाकघरात मिक्सर आला आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. दुकानदार सकाळी नऊला गल्ल्यावर बसतो तो रात्री नऊला उठतो. आमच्या मोहल्ल्यातली मशीद घरापासून तीनशे पावलांवर असेल, तरी जुम्म्याला तिच्या बाहेर दुचाक्यांची रांग लागते. शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत आम्ही गावातून चालत जात होतो. आता गाडी थेट पायऱ्यांपाशी जाते आणि तेथून वर जायचा कंटाळा येतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दुसरा आकडा २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या अभ्यासातला. २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करीत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ आणि स्त्रियांत शेकडा ५७ होते. हे दोन आकडे, ४२ आणि ५७, आपण लक्षात ठेवावेत. पुढे मला त्यांची गरज लागणार आहे.

केवळ बसून राहण्याने एवढे नुकसान होते का, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. लंडनमध्ये दुमजली बसगाड्या असतात. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांबरोबर या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसचे, जवळजवळ सारख्याच पगाराचे. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडण्यासाठी दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो तुलनेने उशिरा झाला. तो कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हता. तो फक्त आपले काम करीत होता. पण त्याच्या कामात पाय होते, एवढे पुरले.

आता थोडे स्वतःविषयी सांगतो. आयुष्यभर मी शिट्टी वाजविली. दुसऱ्यांना पळविले, स्वतः मात्र मैदानाच्या कडेला उभा राहिलो. निवृत्त झाल्यावर तर उभे राहणेही संपले. सकाळी वर्तमानपत्र, मग चहा, मग मित्राच्या दुकानात बैठक, तेथे पुन्हा चहा आणि खारी. चार वर्षांत वजन बारा किलोंनी वाढले. पायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणून डॉक्टरांकडे गेलो. तीन महिन्यांची साखर दाखविणारी तपासणी झाली. डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. कागद पाहून ते हसले नाहीत. म्हणाले, “सर, शाळेत तुम्ही आम्हाला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत होता. आता त्या तुम्ही मारा. गोळ्या मी देतो, पण गोळी तुमच्यासाठी चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दुसऱ्याच फेरीला मांड्या थरथरू लागल्या. ज्या मैदानावर मी तीस वर्षे हुकूम सोडले तेथे दगडावर बसून धापा टाकताना मला लाज वाटली. पण पाच दिवसांनी तीन फेऱ्या झाल्या, महिन्याने पाच झाल्या. वर्षभरात वजन सात किलोंनी उतरले. गोळी सुटली नाही, सुटली असे खोटे सांगणार नाही. पण वाढलीही नाही, आणि पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घेणे बंद झाले. कोणीही ऐकीव गोष्टींवर आपली औषधे बंद करू नयेत, हेही येथे बजावून सांगतो.

तर साध्या माणसाने करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे प्रमाण सांगितले ते फार अवघड नाही. मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम प्रमाणात श्रम करावेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणे. झपाझप म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास खेळावे, पळावे. एक तास, पालकहो! खेळाचा आठवड्यातला एक तास नव्हे.

यासाठी पैसे भरून कोठे नाव नोंदविण्याची गरज नाही. माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चालण्याची. एक-दीड किलोमीटरच्या आतले काम गाडीने करायचे नाही, असा घराचा नियम करावा. भाजी, दूध, पोस्ट, मशीद, शाळा. जाऊन-येऊन अर्धा तास होतो आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. शक्य असेल त्याने जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर त्या चालण्यात खर्ची पडते.

दुसरी गोष्ट उठण्या-बसण्याची. दस्तरखानावर मांडी घालून जेवण्याची आपली पद्धत चांगली होती. हात न टेकता जमिनीवरून उठता येणे ही म्हातारपणी मोठी दौलत आहे. गुडघे दुखत नसतील तर ती सोडू नका. जे नियमाने नमाज पढतात त्यांचे सांधे दिवसातून पाच वेळा वाकतात आणि सरळ होतात. नमाज ही इबादत आहे, तिला मी कसरत म्हणणार नाही. पण मशिदीपर्यंत आपण पायी गेलो तर त्यात कोणाची हरकत असणार नाही.

तिसरी गोष्ट दुकानदार, शिंपी, कारकून आणि ड्रायव्हर बांधवांसाठी. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. दुकानाबाहेर जाऊन पन्नास पावले टाका. गिऱ्हाइकाला माल दाखवायला पोऱ्याला हाक मारण्याऐवजी स्वतः उठा. लंडनचा कंडक्टर आठवा.

चौथी गोष्ट जोर-बैठकांची. तालमीत शेकड्यांनी काढतात तेवढ्या नकोत. दहा जोर, दहा बैठका. पन्नाशीच्या पुढच्यांनी जोर भिंतीला हात टेकून काढावेत आणि बैठका खुर्चीवरून उठून-बसून माराव्यात. याला जागा चटईएवढी लागते.

पाचवी गोष्ट आपल्या भाग्याची. परमुलखातले लोक पैसे खर्चून जे पाहायला येतात ते आपल्या दारात आहे. शिवनेरी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हा किल्ला. त्याच्या सात दरवाजांत एक पीर दरवाजा आहे, वर कमानी मशीद आहे, ईदगाह आहे. तो सगळ्यांचा वारसा आहे. लेण्याद्रीला पावणेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. महिन्यातून एका रविवारी सहकुटुंब शिवनेरी चढा. मुलांना इतिहास कळेल आणि बापाला आपल्या छातीची अवस्था कळेल. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

येथे आपल्या भागातली एक खरी अडचण सांगितली पाहिजे. शहरातले लोक म्हणतात, पहाटे उठून फिरायला जा. आपल्याकडे पहाटे गावाबाहेर काय असते? ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे आणि लहान मुले दगावली आहेत. ही चेष्टेची गोष्ट नव्हे. तेव्हा पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा हट्ट धरू नका. स्वच्छ उजाडल्यावर चाला. उसाच्या कडेचा रस्ता टाळा, गावातल्या रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानात चाला. एकट्याने जाऊ नका, चौघे मिळून गप्पा मारीत जा. कानात मोबाइलची बटणे घालून चालू नका. लहान मुलांना एकटे सोडू नका. बिबट्याच्या भीतीने घरात बसणे हा उपाय नाही, आणि भीती नाही असे दाखविणे हाही नाही. दिवसाची वेळ, उघडी जागा आणि चार माणसांची सोबत, हा उपाय आहे. मोकळ्या सुरक्षित मैदानाची किंमत म्हणूनच आपल्या भागात शहरापेक्षा जास्त आहे.

खाण्याविषयी दोनच वाक्ये. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि त्याबरोबर खारी-बिस्कीट घेणाऱ्याने चालण्यावर भिस्त ठेवू नये. रमजानमध्ये दिवसभराचा संयम इफ्तारच्या तळणावर उधळू नये, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आता त्या दोन आकड्यांकडे येतो. पुरुषांत ४२, स्त्रियांत ५७. आपण म्हणाल, बायका तर दिवसभर राबतात, मग त्यांचा आकडा जास्त कसा? कारण जाते गेले, आड गेला, नदी गेली. ओट्यापाशी उभे राहण्याने पाय दुखतात, पण छाती भरून श्वास चालत नाही. पुरुष निदान बाजाराला जातो, चौकात उभा राहतो. बाई जाईल कोठे? ती चालायला निघाली तर दहा जण विचारतात, ‘काय काम काढलं?’ पुरुषाला असे कोणी विचारीत नाही. व्यायामाला पैसा लागत नाही असे मी म्हणालो. मोकळीक मात्र लागते. आणि ती मोकळीक कोणाच्या हातात आहे? आपल्या, म्हणजे बापांच्या, भावांच्या, नवऱ्यांच्या.

आता माझ्या घरातले कारण सांगतो. हे मी आजवर कोठे बोललो नव्हतो. माझी मुलगी आठवीत होती. कबड्डीत ती अशी चपळ होती की शाळेच्या संघात तिची निवड झाली. आंतरशालेय सामन्यांसाठी परगावी जायचे होते. मोहल्ल्यात दोघे-तिघे माझ्यापाशी येऊन म्हणाले, ‘गुरुजी, मुलगी आता मोठी झाली.’ एवढेच म्हणाले. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. दुसऱ्यांच्या मुलींच्या पालकांना घरी जाऊन समजावणारा. मी माझ्या मुलीला घरी बसविले. तिने वाद घातला नाही. बूट धुऊन माळ्यावर ठेवले. त्या दिवसानंतर ती कधी पळाली नाही.

आज ती चाळिशीची आहे. दोन मुलांची आई आहे. गुडघे धरले आहेत, साखर निघाली आहे. मी फेऱ्या मारायला लागलो तेव्हा तिलाही म्हणालो, “बेटा, तूही चालत जा.” ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “अब्बा, तुम्ही सगळ्या गावाच्या मुलींना खेळवलं. मला मात्र बसवलं. आता चाल म्हणता, तर कुठे चालू?” मला उत्तर देता आले नाही. तिचा आजार केवळ माझ्यामुळे झाला असे डॉक्टर म्हणत नाहीत, शरीराची कारणे अनेक असतात. पण पळण्याची सवय मी मोडली, हे माझे मला ठाऊक आहे.

तेलंगणातील निजामाबादच्या निखत झरीन या मुलीने २०२२ आणि २०२३ साली मुष्टियुद्धाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. तिच्या घरीही लोक बोलायला आलेच होते. तिच्या वडिलांनी त्यांचे ऐकले नाही, मी ऐकले. सगळ्या मुली जगज्जेत्या होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही. चाळिशीत जिना चढताना दम लागू नये, एवढे तरी प्रत्येकीच्या वाट्याला यावे.

म्हणून संस्थेपुढे मी आज एक मागणी ठेवतो. आपल्या शाळेला मैदान आहे, त्याला भिंत आहे, फाटक आहे. शाळा सुटल्यावर ते कुलूप लावून पडून असते. रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंतचा एक तास ते मैदान आया-भगिनींना चालण्यासाठी उघडे ठेवावे. त्या वेळी आत पुरुष नसावेत. एखाद्या शिक्षिकेने किंवा वडीलधाऱ्या बाईने हजर राहावे. मी फाटकाबाहेर राखणीला बसायला तयार आहे. दुसरी मागणी अशी की मुलींचा खेळाचा तास दहावीपर्यंत चालू राहावा आणि तो गणिताला देऊ नये. डोक्यावर ओढणी असो वा नसो, खो-खो दोन्ही परींनी खेळता येतो. खर्च काय? एक दोरी, चार चेंडू, दोन खांब आणि चुन्याची पिशवी.

पालकांपाशी एवढेच मागणे आहे की मुलगी मोठी झाली असे सांगायला कोणी आले तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी काम देतो. आज घरी गेल्यावर आपल्या दादीला किंवा नानीला विचारा की त्या लहानपणी किती चालत होत्या. मग त्यांचा हात धरून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन जा. उद्या पुन्हा न्या. कसरत म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, हे आपण मघाशी पाहिलेच.

आपल्या संस्थेने मुलांना पुस्तकाची तालीम दिली, मुलींनाही दिली, आणि त्यासाठी संस्थापकांना लोकांचे पुष्कळ ऐकून घ्यावे लागले असेल. तो टप्पा आपण ओलांडला. आता तालीम या शब्दाचा दुसरा अर्ध भाग घरी आणायचा आहे. मला उशीर झाला. येथे बसलेल्या तरुण पालकांना अजून झालेला नाही.

एक शेवटचे सांगतो. गेल्या रविवारी माझी मुलगी माहेरी आली होती. आम्ही दोघे तिच्या मुलीला घेऊन शिवनेरीच्या पायथ्याशी गेलो. पीर दरवाजापर्यंतच चढलो, दोनदा बसलो. नात मात्र पुढे पळत गेली. तिची आई तिला ‘हळू’ म्हणून हाक मारणार होती. मी तिचा हात धरला आणि म्हटले, ‘पळू दे.’